आमचं तिखट

दातवाल्यांनी चमचा खाली ठेवला, रुमालाने ओठ टिपले आणि वाडगा दोन बोटांनी वेटरकडे सरकवला.

"हे तिखट नाही."

वेटर नवखा होता. त्याने आधी वाडग्याकडे पाहिलं, मग दातवाल्यांच्या पांढऱ्या केसांकडे, स्वेटरच्या गळ्यापर्यंत लावलेल्या बटणांकडे आणि शेवटी आशेने समोर बसलेल्या त्यांच्या बायकोकडे, बाईंकडे.

"साहेब, सगळ्यात तिखट हेच आहे," मेन्यूवर छापलेल्या लाल मिरच्यांच्या ओळीवर बोट ठेवत तो म्हणाला. "बघा ना. एवढ्या मिरच्या दुसऱ्या कशापुढेच नाहीत."

"कागदावर आहेत. वाडग्यात नाहीत."

बाईंनी टेबलाखालून त्यांचा पाय दाबला. त्यांनी पाय मागे घेतला. शेजारच्या टेबलावर एक मुलगी तोच पदार्थ खात होती. तिच्या नाकाडोळ्यांना धार लागली होती आणि तिचा मित्र हसत हसत तिला कागदी रुमाल पुरवत होता. बाईंना ती दिसत होती. दातवाल्यांची तिच्याकडे पाठ होती, ते एक बरं.

वाडगा आत गेला आणि परत आला. आता रश्श्यावर बोटभर लाल तवंग होता आणि त्याच्या नुसत्या वासाने बाईंना ठसका लागला. स्वयंपाकघराच्या खिडकीतून खुद्द आचारी डोकावून बघत होता. दातवाले खात राहिले. कपाळावर घाम नाही, नाक ओढणं नाही, काही नाही. वाडगा तळापर्यंत संपवून ते उठले, खुर्ची नीट आत सरकवली आणि कोट चढवला.

"चल," ते बाईंना म्हणाले. "हेही फसवतात."

आचारी कुणालाही फसवत नव्हता, हे बाईंना पक्कं ठाऊक होतं. पण सांगायचं कसं?

दातवाले म्हणजे काही दंतवैद्य नव्हेत. दंतवैद्य लोकांच्या तोंडात हात घालतात. हे आपले घराच्या तळमजल्यावरच्या खोलीत बसून मेण, साचे आणि पॉलिशच्या चाकाशी खेळत कवळ्या बनवायचे. गावातले सगळे दंतवैद्य त्यांच्याकडेच काम पाठवत. "अर्धं गाव माझ्या दातांनी हसतं," असं ते म्हणत आणि ते खोटं नव्हतं. लग्नकार्यात, बागेत, कुठेही कुणी म्हातारं मनापासून हसलं, की दातवाले मान वाकडी करून बघत आणि बाईंच्या कानात सांगत, "माझी."

मागच्या थंडीत त्यांना ताप आला. साथच होती, घरोघरी आला तसा यांनाही आला. बाकीच्यांची चव गेली आणि आठ-पंधरा दिवसांत परत आली. यांची गेली ती गेलीच. वास गेला, मीठ गेलं, गोड गेलं, कॉफीचा कडूपणासुद्धा गेला. डॉक्टरांनी जीभ पाहिली, टॉर्च मारला, खांदे उडवले आणि जाता जाता एक वाक्य टाकलं. तिखट ही काही चव नव्हे, म्हणाले, ती जळजळ असते. तिची वाट वेगळी. ती कदाचित शाबूत असेल.

एवढंसं वाक्य, पण बुडत्या माणसाने धरावं तसं दातवाल्यांनी ते धरलं. तेव्हापासून गावातलं एकेक आशियाई रेस्टॉरंट पालथं घालणं सुरू झालं. आणि तिथे ही वेगळीच पंचाईत. गिऱ्हाइकाचा पांढरा केस आणि जाड चष्मा पाहिला, की वेटर मान डोलावणार, "हो हो, खूप तिखट" म्हणणार आणि आत जाऊन आचाऱ्याच्या कानात सांगणार की जरा जपून. दातवाल्यांनी आधी विनंती करून पाहिली, मग चिडून पाहिलं. खरंखुरं तिखट आलं, तेव्हाही त्यांना काही कळलं नाही. आणि कळलं नाही म्हणजे फसवलं, असा त्यांचा साधा हिशेब होता.

बाईंचं दुःख मात्र तिखटाचं नव्हतंच. त्यांचं दुःख मिठाचं होतं.

लग्न झाल्यापासून पहिल्या घासाला दातवाल्यांचं एकच म्हणणं असे. "मीठ किंचित कमी आहे." भाजी असो, भात असो, पाहुणे असोत. बाई वैतागायच्या. एवढं कळतं तर या ओट्यापाशी, म्हणायच्या. आणि आता तेच वाक्य ऐकायला त्यांचे कान आसुसले होते. एकदा त्यांनी मुद्दाम भाजीत मीठ टाकलंच नाही. समोर बसून बघत राहिल्या. दातवाल्यांनी एक घास खाल्ला, दुसरा खाल्ला, वर पाहिलं आणि शहाण्या पाहुण्यासारखं म्हणाले, "छान झालंय."

त्या दिवशी बाई न्हाणीघरात नळ सोडून रडल्या. भांडलेला नवरा परत बोलायला लागतो, रुसलेला परत हसतो. "छान झालंय" म्हणणाऱ्या नवऱ्याचं काय करायचं?

बाई लायब्ररीच्या मागच्या खोलीत, गावात नव्याने आलेल्या लोकांना भाषा शिकवायच्या. म्हणूनच तर सगळे त्यांना बाई म्हणत, घरमालकापासून भाजीवाल्यापर्यंत. त्या वर्गात एका आशियाई रेस्टॉरंटची मालकीण यायची. वय सांगता येऊ नये असा चेहरा, केस घट्ट मागे बांधलेले, बोटांची नखं अगदी खोल कापलेली. कुठल्या देशाची विचारलं तर "तिकडची" म्हणायची आणि हात हलवून दाखवायची. हात दर वेळी वेगळ्या दिशेला जायचा.

बाकीच्यांना क्रियापदं छळायची. हिला छळायचे दोन शब्द, 'आम्ही' आणि 'आपण'.

"आमच्या भाषेत एकच आहे," ती म्हणाली होती. "तुम्हाला दोन कशाला?"

"सोपं आहे," बाईंनी फळ्यावर एक गोल काढला होता. "'आम्ही' म्हटलं की ऐकणारा गोलाच्या बाहेर. 'आपण' म्हटलं की ऐकणारा आत."

ती त्या गोलाकडे बराच वेळ बघत राहिली. मग तिने विचारलं, "एकदा आत घेतला, की बाहेर कसा काढायचा? त्याला कुठला शब्द?"

"त्याला वेगळा शब्द नाही गं!" बाई हसल्या होत्या. "पुढच्या वाक्यात 'आम्ही' म्हणायचं, की गेला बाहेर."

वर्ग सुटताना तिचा आणखी एक प्रश्न असायचाच. लोक जाताना 'येतो' का म्हणतात, हे तिला पटत नव्हतं. "जाताना 'जातो' म्हणू नये, बरं दिसत नाही," असं बाईंनी सांगितलं तेव्हा ती चपापली. "आणि 'येतो' म्हटलं आणि आला नाही तर?" "तर काही नाही गं. नुसती म्हणायची पद्धत." तिने मान हलवली नाही. "आमच्याकडे म्हटलं की यावं लागतं," ती म्हणाली. स्वतः मात्र दारात उभी राहून नेमाने "येते, बाई" म्हणायची आणि एकही वर्ग तिने चुकवला नाही.

तर वाडग्याच्या त्या प्रकारानंतर बाईंनी वर्गात सहज विषय काढला. आमचे हे असे तिखटाच्या मागे लागलेत आणि कुणी खरं तिखट देत नाही, म्हणाल्या. मालकिणीने वही मिटली.

"आमच्याकडे आणा," ती म्हणाली. "फक्त विचारलं की नीट सांगायला सांगा."

रेस्टॉरंट लाँड्रीच्या मागच्या गल्लीत होतं. पाटीवर नाव नव्हतं, नुसता रंगवलेला वाडगा. दोघं गेली ती दुपारची, जेवणाची वेळ उलटून गेल्यावर. बाहेरच्या खोलीत टेबलं रिकामी होती, खुर्च्या पुसलेल्या, कोपऱ्यातला पंखा आवाज न करता फिरत होता. मागच्या भिंतीत लाकडी मण्यांचा पडदा आणि पडद्याआड आणखी एक खोली. तिथे माणसं जेवत होती. चमच्यांचा आवाज येत होता, बोलण्याचा नाही.

मालकीण पेन्सिल घेऊन आली. "काय करू?"

"तिखट," दातवाले म्हणाले. "आणि फसवायचं नाही."

"फसवत नाही. विचारते. तुमचं तिखट करू, की आमचं?"

"फरक काय दोन्हींत?"

"तुमचं खाल्लं की माणूस पाणी मागतो. आमचं खाल्लं की मागत नाही."

"अहो, आमचं-तुमचं काय घेऊन बसलात!" दातवाले कितीतरी दिवसांनी हसले. कुणाच्या घरी गेलं, की चहाला नको नको म्हणून झाल्यावर माणूस हसतो, तसं. "आपलंच समजा आणि होऊन जाऊ द्या."

मालकिणीची पेन्सिल थांबली.

"आपलं," ती हळू म्हणाली. मग बाईंकडे वळली. "बाई, बरोबर ऐकलं ना मी? 'आपलं' म्हणाले?"

"हो, 'आपलं' म्हणाले," बाई कौतुकाने म्हणाल्या. विद्यार्थिनीने नेमका शब्द पकडला, की कुठल्या शिक्षिकेला बरं वाटणार नाही?

वाडगा आला. त्यात मिरची नव्हती, तवंग नव्हता. पांढरट रस्सा, त्यात पांढऱ्या नूडल्स, वर काहीतरी पालेभाजी. वाफ निघत होती, पण बाईंनी वाडगा पुढे करायला हात लावला तर तो गार लागला. आता हे पुन्हा चिडणार, असं त्यांच्या मनात आलं. दातवाल्यांनी पहिला घास घेतला. चावता चावता थांबले. चमचा हवेत तसाच.

"मीठ," ते म्हणाले.

"काय?"

"मीठ किंचित कमी आहे."

बाईंनी पदर तोंडाला लावला. दातवाल्यांच्या कपाळावर घाम आला, तो भुवईपर्यंत आला, नाक वाहायला लागलं, ते हाशहुश करत हसायला लागले. "जाळतंय गं! आई गं, काय जाळतंय!" आणि पुन्हा घास, आणि पुन्हा. पडद्याआडचे चमचे एकदम थांबले. कुणीतरी समाधानाने हसलं आणि चमचे पुन्हा सुरू झाले.

"तूही बघ खाऊन," दातवाल्यांनी चमचा पुढे केला. "जपून हं."

बाईंनी डोळे मिटून घास घेतला. आणि काहीच झालं नाही. तिखट नाही, मीठ नाही, नूडल्सचा पिठूळपणासुद्धा नाही. तोंडात काहीतरी आहे एवढंच कळत होतं, भिजलेल्या कागदासारखं. समोर नवऱ्याच्या डोळ्यांतून आनंदाचं पाणी वाहत होतं. बाईंनी घास गिळला.

"बाप रे," त्या म्हणाल्या. "फारच आहे." आणि पाणी मागितलं.

त्यानंतर दातवाले रोज दुपारी जायला लागले. सुरुवातीला बाईंना इतका आनंद झाला होता, की त्यांनी काही मनाला लावून घेतलं नाही. घरात चव लागतच नव्हती, ती फक्त तिथे लागायची. असू दे, येईल हळूहळू. मग थोडा मत्सर वाटला, तोही त्यांनी स्वतःशी कबूल केला. आयुष्यभर मी रांधलं आणि यांच्या जिभेचं कुलूप उघडलं कुणी, तर माझ्याच विद्यार्थिनीने.

मग बोलण्यातले शब्द बदलायला लागले. दुसऱ्या कुणाच्या लक्षातही आलं नसतं. पण बाईंचा धंदाच तो.

"आपल्याकडे आज निवांत होतं," दातवाले संध्याकाळी म्हणायचे. आपल्याकडे म्हणजे तिथे. आणि एकदा खिडकीतून बाहेर बघत त्यांनी विचारलं, "तुमच्याकडे पाऊस झाला वाटतं?"

"तुमच्याकडे म्हणजे कुणाकडे? अहो, तुम्ही परगावी होतात की काय?" बाईंनी थट्टेवारी न्यायचा प्रयत्न केला. दातवाले ओशाळं हसले आणि चहा प्यायले. चहा नुकताच उकळून गाळलेला होता. ते तो एका दमात प्यायले. फुंकलासुद्धा नाही.

त्यांचे हात गार पडायला लागले. तळमजल्यावर साच्यांवर धूळ बसली. दंतवैद्यांचे फोन यायचे आणि दातवाले "बघू, बघू" म्हणायचे. एके सकाळी नाश्त्याच्या वेळी ते खुशीत होते.

"मी आता आतच बसतो," ते म्हणाले. "बाहेर एकट्याने काय जेवायचं?"

"कोण असतं आत?"

"असतात आपले लोक. आणि गंमत सांगू? बरेचसे दात माझे आहेत." ते पुढे झुकले. "पोस्टातले आजोबा रोज असतात. वरचा डावा सुळा वाकडा ठेवायला लावला होता त्यांनी, आठवतं? म्हणाले होते, जन्मभर वाकडा होता, आता सरळ केलास तर बायको ओळखायची नाही. तोच सुळा. हसले आणि मी म्हटलं, माझी!"

बाईंच्या हातातली सुरी पावात तशीच राहिली.

पोस्टातले आजोबा त्यांच्याच जिन्यावर, दोन मजले वर राहायचे. त्यांना जाऊन बरीच वर्षं झाली होती. बाई भेटायला गेल्या होत्या, आजींचा हात धरून बसल्या होत्या. आणि आजी म्हणाल्या होत्या, "कवळी घालूनच पाठवलं बाई त्यांना. बिनदाताचं कुणी पाहिलेलं त्यांना खपायचं नाही."

"आज घरीच जेवा," बाई म्हणाल्या. आवाज आपला आहे असं त्यांना वाटेना.

"घरी?" दातवाले विचारात पडले, जणू पत्ता आठवत होते. "नको. आपले लोक वाट बघतात."

ते गेल्यावर बाईंनी रडण्यात वेळ घालवला नाही. त्यांनी भात टाकला, भाजी चिरली, फोडणी केली. मीठ टाकताना हात थांबला. किती टाकायचं? इतक्या महिन्यांत कुणी काही सांगितलंच नव्हतं. त्यांनी टाकलं, आणि न राहवून आणखी टाकलं. डबा भरला, झाकण दाबलं आणि लाँड्रीच्या मागच्या गल्लीत गेल्या.

मालकीण दारातच टेबल पुसत होती.

"आमच्या ह्यांना न्यायला आलेय," बाई म्हणाल्या.

मालकिणीने फडकं खाली ठेवलं. "'आमच्या'," ती म्हणाली. "म्हणजे ऐकणारा बाहेर."

"हो. तू बाहेर."

तिला राग आला नाही. वर्गात चूक दाखवली तर जसा चेहरा करायची, तसाच केला. "मी विचारलं होतं, बाई. त्यांना विचारलं, मग तुम्हालाही विचारलं. मी कुणाला ओढून आणत नाही."

"मग आता सोड."

"सोडायला वेगळा शब्द नाही, तुम्हीच सांगितलं." तिने फडक्याची घडी घातली. "त्यांनी म्हणायला हवं. तुम्हाला धरून आणि मला सोडून. ते 'आम्ही' म्हणाले, तर मी वाटेत उभी राहणार नाही. पण तुम्ही सुचवायचं नाही. परीक्षेत सांगत नाहीत."

बाईंनी मण्यांचा पडदा बाजूला केला.

आतली खोली वाटली होती त्यापेक्षा लांब होती. एका बाजूला खिडकी होती आणि तिच्यातून स्वच्छ दुपारचा उजेड येत होता. त्या बाजूला लाँड्रीची भिंत आहे हे बाईंना आठवलं आणि त्यांनी खिडकीकडे पुन्हा पाहिलं नाही. लांब टेबलाशी माणसं ओळीने बसली होती. नीटनेटकी, भांग पाडलेली, कुठल्या तरी कार्याला आल्यासारखी. पोस्टातल्या आजोबांनी बाईंना ओळखलं आणि ते हसले. सुळा वाकडा होता.

"नमस्कार, आजोबा," बाई म्हणाल्या. दुसरं काय म्हणणार?

दातवाले शेवटच्या खुर्चीवर होते. त्यांनी मान वर करून पाहिलं आणि अदबीने शेजारची जागा दाखवली.

"बसा ना," ते म्हणाले.

इतक्या वर्षांच्या संसारात त्यांनी बाईंना कधी अहो-जाहो केलं नव्हतं. त्या बसल्या, गार वाडगा बाजूला सारला, डबा उघडून समोर ठेवला. फोडणीचा वास खोलीभर पसरला आणि टेबलावरचे सगळे चमचे थांबले. आजोबांनी डोळे मिटून एक लांब श्वास घेतला.

"घ्या," बाई म्हणाल्या. "गार होतंय."

दातवाल्यांनी भात कालवला. घास तोंडात घातला. एकदा चावला, दोनदा चावला. बाई त्यांच्या जबड्याकडे बघत होत्या आणि आयुष्यात एवढं कशाकडेच बघितलं नव्हतं. छान झालंय म्हणू नका, त्या मनात म्हणत होत्या. काहीही म्हणा, तेवढं म्हणू नका.

"मीठ," दातवाले म्हणाले.

बाईंनी टेबलाची कड धरली.

"मीठ जास्त झालंय." त्यांनी तोंड वेडंवाकडं केलं. "अगं, किती जास्त! खारट नुसतं! तुझा हात असा कसा सुटला?"

"सांगायला कोण होतं मला?" बाईंचा बांध फुटला. "एवढे दिवस कुणी सांगितलं मला, कमी की जास्त? छान झालंय, छान झालंय! कुणासाठी रांधत होते मी?"

दातवाल्यांनी खोलीकडे पाहिलं, ओळीने बसलेल्या माणसांकडे, आजोबांच्या सुळ्याकडे, त्या खिडकीकडे. त्यांचा चेहरा पांढरा झाला. त्यांनी आधी डब्याचं झाकण लावलं आणि मग बाईंचं मनगट धरलं.

"चल," ते म्हणाले. "चल घरी."

पडद्याच्या पलीकडे मालकीण उभी होती. हात समोर बांधलेले, मान किंचित कलती.

"निघालात?"

बाईंनी ओठ घट्ट मिटले. सुचवायचं नव्हतं. बोटसुद्धा दाबायचं नव्हतं. दातवाल्यांनी स्वेटर खाली ओढला, घसा खाकरला. माणूस कितीही घाबरलेला असो, दुसऱ्याच्या दारातून निघताना तोंडातून निघायचं ते निघतंच.

"हो. बराय मग. आम्ही येतो."

आम्ही! बाईंना ओरडावंसं वाटलं. मालकिणीने बाईंकडे बघितलं आणि वर्गात करायची तसं बोटांवर मोजलं. "आम्ही," पहिलं बोट. "येतो," दुसरं बोट. ते दुसरं बोट तिने जरा धरून ठेवलं.

"बरोबर आहे ना, बाई?"

"अगदी बरोबर!" बाई म्हणाल्या.

"मग या," मालकीण म्हणाली आणि वाटेतून बाजूला झाली.

गल्लीत ऊन होतं. लाँड्रीच्या दाराशी पोचताच दातवाले थबकले, नाक वर केलं आणि खळखळून हसले. "साबण! अगं, साबणाचा वास येतोय! आणि इस्त्रीचा!" रस्त्यात भेटेल त्या गोष्टीपाशी ते थांबत होते. पावाचं दुकान, ओला कुत्रा, कुणाची तरी सिगारेट. हात गरम होते. बाईंनी तो हात सोडला नाही. लोक बघत होते, बघू देत.

चौकातल्या बाकावर दोघं टेकली. बाईंना भूक लागल्याचं आत्ता कुठे जाणवलं. सकाळपासून पोटात काही नव्हतं.

"खा, खा," दातवाले डबा उघडून पुढे करत म्हणाले. "खा आणि बघ काय करून ठेवलंयस ते. समुद्र ओतलाय नुसता."

बाईंनी हसत हसत घास घेतला. चावला. मग जरा हळू चावला, भिजलेला कागद चावावा तसा. समोरून एक बस गेली. बाईंच्या डोळ्यांसमोर मालकिणीचं ते 'येतो'वर धरून ठेवलेलं दुसरं बोट आलं, आणि लायब्ररीच्या दारात उभी राहून नेमाने "येते, बाई" म्हणणारी ती. त्यांनी आणखी एक घास घेतला, मोठा, आणि तो जिभेवर कितीतरी वेळ तसाच धरून ठेवला.

"काय गं?" दातवाले त्यांच्याकडे वळून बघत होते, डोळे मिचकावत, कितीतरी महिन्यांनी पुन्हा पूर्वीचे होऊन. "आहे की नाही खारट?"

बाईंनी घास गिळला आणि डब्याचं झाकण नीट लावलं.

"छान झालंय," त्या म्हणाल्या.